धागा: सोसायटीचं पाणी नक्की कुठे जातं? (टाकी, टँकर, दाब, पाऊस, सगळं हिशेबासकट)

मोजपट्टी

दर एप्रिलला हे प्रश्न पाच-सहा धाग्यांवर विखरून येतात, म्हणून एकत्र मांडतोय. 'पाणी हेच जीवन' वगैरे इथे नको. आकडे आणि रीत लिहा.

उदाहरण पुण्याचं घेतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचा उपयुक्त साठा मिळून २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट). शहराची तहान त्यातून आणि दौंड-इंदापूरकडची शेतीही त्यातूनच. उन्हाळी आवर्तन सुटलं की कपातीची चर्चा सुरू होते. 'गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने' ही ओळ तर पुणेकरांना तोंडपाठ आहे. धरणातलं काही आपल्या हातात नाही, तेव्हा कुंपणाच्या आतलं बोलू.

हिशेबासाठी एक नमुना इमारत धरू. १२ मजले, मजल्यावर ४ सदनिका, एकूण ४८. घरटी ४ माणसं म्हणजे १९२. माणशी दिवसाला १३५ लिटरच्या मानकाने रोजची गरज २५,९२० लिटर, म्हणजे २६,००० धरा. खालची टाकी ५ मीटर × ४ मीटर. तिचं क्षेत्रफळ २० चौरस मीटर, म्हणून पातळीतला १ सेंटीमीटर म्हणजे २०० लिटर. हा २०० चा आकडा टाकीच्या झाकणावर ऑइलपेंटने लिहून ठेवा, पुढे सगळीकडे लागतो.

खरा वापर किती हे कळायला लगेच मीटर विकत घ्यायची गरज नाही. पंपाच्या पॅनलमध्ये अवर मीटर (पंप किती तास चालला ते मोजणारा) बसवा, इलेक्ट्रिशियनचं अर्ध्या तासाचं काम आहे. मग येणारं पाणी बंद ठेवून पंप बरोबर ३० मिनिटं चालवा आणि खालची टाकी किती उतरली ते बघा. २८ सेंमी उतरली तर ५,६०० लिटर, म्हणजे तासाला ११,२०० लिटर. पंप दिवसाला ३ तास २० मिनिटं चालत असेल तर वर साधारण ३७,३०० लिटर चढतंय. गरज २६,००० ची. जास्तीचे ११ हजार कुठे गेले, याचं उत्तर मिळेपर्यंत बाकी कुठल्याही योजनेवर पैसे घालू नका. पावसाच्या पाण्याची योजनाही त्यात आली.

ओली_फरशी

वाचनखूण साठवली. पण आमच्यासारख्यांसाठी 'कुठे गेले' हे शोधायचं कसं, तेही लिहा की.

मोजपट्टी

रात्री १ ते ५ या वेळात. दोन टाक्या, दोन चाचण्या.

खालची टाकी: पालिकेच्या जोडाचा व्हॉल्व्ह बंद, पंप बंद. मॅनहोलच्या काठावर एक खूण करा आणि तिथूनच पोलादी टेप सोडून पाण्यापर्यंतचं अंतर घ्या. टेपच्या टोकाला खडू फासला की ओली रेघ स्पष्ट दिसते, नाहीतर टॉर्चच्या उजेडात एक-दोन सेंटीमीटरची चूक हमखास होते, आणि आपल्याला शोधायचे असतात तेवढेच सेंटीमीटर. चार तासांत ३ सेंमी उतरली म्हणजे ६०० लिटर गेले. दिवसाचे ३,६००.

वरची टाकी: आधी हेडरवरचे (टाकीतून निघणाऱ्या मुख्य पाइपावरचे) बाहेर जाणारे सगळे व्हॉल्व्ह बंद करून तासभर बघा. तरी उतरली तर टाकीच गळतेय. नाही उतरली तर व्हॉल्व्ह उघडा. मध्यरात्री ४८ घरांत एखाद-दुसरा फ्लश सोडला तर वापर नसतो, त्यामुळे जे उतरतं ते बहुतेक गळतीचंच. मग एकेक खाली जाणारी लाइन अर्धा-अर्धा तास बंद करा. जिच्या बंद होण्याने उतरणं थांबतं, ती तुमची लाइन.

नळराजा

चाचणी बरोबर आहे, फक्त त्यात एक खोट आहे. जुन्या इमारतींतले गेट व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतच नाहीत. आतली पाचर झिजलेली असते किंवा खाली गाळ बसलेला असतो. चाक घट्ट फिरवलं तरी पाणी बारीक येत राहतं, टाकीची गळती त्याने भरून निघते आणि 'टाकी ठणठणीत' असा निकाल लागतो. यावर फुकटचा उपाय म्हणजे चाचणी गुरुवारी घ्यायची. लाइनलाच पाणी नाही, मग व्हॉल्व्ह झिरपेल कशाने? पुढे कधी बदलायची वेळ आली तर तिथे बॉल व्हॉल्व्ह किंवा बटरफ्लाय टाका.

गळती सापडण्याच्या जागा, मी ज्या क्रमाने बघेन त्या क्रमाने:

१. वरच्या टाकीचा ओव्हरफ्लो. बऱ्याच बिल्डरांनी तो थेट पावसाच्या पन्हळीच्या पाइपात सोडलेला असतो. टाकी रात्रभर वाहिली तरी कोणाला थेंब दिसत नाही. तो पाइप तिथून तोडा आणि वॉचमनच्या खुर्चीसमोर पडेल असा खाली आणा. एवढ्या एका बदलाने निम्म्या सोसायट्यांचं काम होईल.

२. खालच्या टाकीत भिंत आणि तळ जिथे मिळतात तिथला वाटा (कोपऱ्यातला गोलसर गिलावा), आणि भिंतीतून पाइप जातो तिथला पडल फ्लॅंज (पाइपाभोवतीची लोखंडी चकती). टाकी रिकामी करून कोरडी झाल्यावर जिथला भाग सगळ्यात शेवटी वाळतो, तिथे बघा. आणि हो, अशी टाकी पावसाळ्यात उलटं काम करते. बाहेर जमिनीत पाणी चढलं की तेच भेगेतून आत येतं, ड्रेनेजच्या चेंबरच्या शेजारचं का असेना. त्यामुळे गळकी खालची टाकी हा आरोग्याचाही मामला आहे.

३. पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलट येऊ न देणारी झडप. वर जाणारा पाइप टाकीच्या वरच्या काठावरून आत पडत असेल तर फार तर पाइपातलं पाणी परत येईल. पण तो बुडाशी जोडलेला असेल आणि व्हॉल्व्हची झडप अडकली, तर वरची टाकी हळूहळू खाली रिकामी होते आणि पंप तेच पाणी पुन्हा चढवत बसतो. पाणी वाया जात नाही, वीज जाते. आणि मोजपट्टींच्या अवर मीटरच्या हिशेबात खोटी गळती दिसते. खूण सोपी आहे. पंप बंद केल्यावर शाफ्ट उलटा फिरतो का बघा.

४. फ्लशच्या टाक्या.

हिशेबनीस

चौथ्या मुद्द्यावर थोडं विस्ताराने, कारण तो घराघरांत आहे आणि आवाज करत नाही.

टाकीत खाण्याचा रंग चमचाभर टाका, अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर तळाचा वॉशर गेला. मात्र फ्लोट जास्त वर बसवलेला असेल तर पाणी मधल्या नळीवरून सांडत राहतं, आणि तिथे रंग इतका पातळ होतो की कळतही नाही. म्हणून भांड्याची मागची बाजू पुसून तिथे टिश्यू चिकटवा. ओला झाला म्हणजे गळती आहे.

किती जातं हे मोजायचं असेल तर अँगल कॉक बंद करून आतल्या पातळीवर पेन्सिलने रेघ मारा. टाकी आतून ३५ × १५ सेंमी असेल तर तासाला १ सेंमी उतरण म्हणजे सुमारे अर्धा लिटर, दिवसाचे १२ लिटर. एकट्याने बघितलं तर हसू येईल. ४८ घरांत ९६ टाक्या, त्यातल्या निम्म्या अशा असल्या तर रोजचे सुमारे ६०० लिटर.

वॉशर सिलिकॉनचा घ्या. बोअरच्या जड पाण्यात साध्या रबरावर क्षार बसतो आणि कड खडबडीत होते. अशा वेळी नवा वॉशर टाकूनही गळती थांबत नाही, कारण तो ज्या प्लॅस्टिकच्या कडेवर बसतो तिच्यावरही क्षार असतो. ती कड व्हिनेगरने साफ करून मगच वॉशर बसवा.

आणि त्या टाकीत पाण्याची बाटली किंवा वीट टाकायचे सल्ले फिरतात, ते विटेपुरते तरी सोडून द्या. वीट विरघळते, माती वॉशरखाली जाते, आणि लिटरभर वाचवायला जाऊन चोवीस तासांची गळती लागते. जुनी १० लिटरची टाकी असेल तर ३/६ लिटरची दोन बटणांची बसवा. १३५ लिटरच्या मानकात ४५ लिटर एकट्या फ्लशचे धरलेत, यावरून अंदाज घ्या.

सचिव_सी_विंग

नळाला ते जाळीवाले एरेटर बसवून ४० टक्के पाणी वाचतं असं एका विक्रेत्याने सभेत सांगितलं. खरं आहे का?

नळराजा

बेसिनला खरं, बादलीच्या नळाला खोटं. बादली १८ लिटरची असेल तर एरेटर लावा नाहीतर काढा, ती १८ लिटरनेच भरणार. फक्त वेळ दुप्पट लागेल आणि माणूस नळ सोडून चहा करायला जाईल. बेसिनला मिनिटाला ३ लिटरचा, ओट्याच्या सिंकला ६ लिटरचा. आटे बघून घ्या. नळाच्या तोंडाला बाहेरून आटे असतील तर २२ मिलिमीटरचा, आतून असतील तर २४ चा बहुधा बसतो. महिन्याला काढून जाळी धुवायची. टँकरचं पाणी असेल तर आठवड्याला, कारण त्यात रेती येते.

पण सचिवसाहेब, बारा मजली इमारतीत एरेटरच्या आधी दाब बघा. वरच्या टाकीपासून १० मीटर खाली आलं की दाब साधारण १ किलोने (दर चौरस सेंटीमीटरला) वाढतो. पहिल्या मजल्यावर ३.६ किलो आणि अकराव्यावर ०.६ किलो असेल तर दाब सहापट. नळातून येणारं पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे तोच नळ तेवढाच उघडला तर खाली सुमारे अडीचपट पाणी पडतं. वरचे 'पाणी येत नाही' म्हणून भांडतात आणि खालच्यांच्या नकळत त्यांच्याकडे ते वाहून जातं.

त्यासाठी खालच्या पाच-सहा मजल्यांच्या लाइनवर प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह टाका, दीड ते दोन किलोवर लावलेला. आधी गाळणी, आधी-नंतर एकेक गेज, आणि बाजूने बायपास. बिघडतं ते असं: गाळणी तुंबते, खालचे लोक तक्रार करतात, प्लंबर येऊन बायपास उघडतो आणि तसाच ठेवून जातो. त्यानंतर तो व्हॉल्व्ह शोभेचा. बायपासच्या हँडलला साखळी-कुलूप लावा आणि गाळणी साफ करायची तारीख पंपरूमच्या भिंतीवर लिहा.

मांजरी_बुद्रुक

टँकरचं कोणीच बोललं नाही. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पालिकेत आली, पण वाघोलीसारख्या भागात सोसायट्यांचा गाडा आजही टँकरवरच आहे, कित्येक ठिकाणी भर पावसातसुद्धा. १० हजारांचा टँकर खरोखर १० हजारांचा असतो का?

मोजपट्टी

झाकणावरचा २०० चा आकडा इथे कामाला येतो. १० हजार लिटर म्हणजे आपल्या टाकीत ५० सेंमी चढायला हवेत. ४३ चढले तर ८,६०० मिळाले. ओतताना पंप आणि पालिकेचं पाणी दोन्ही बंद ठेवा, नाहीतर मोजमापाला अर्थ नाही. दरवेळी टँकरवाल्याने लबाडी केलेली असतेच असंही नाही. उतारावर तोंड खाली करून गाडी उभी केली की मागच्या नळातून शेवटचं पाणी निघत नाही आणि तेच पाणी पुढच्या सोसायटीत जातं. गाडी सपाटीला लावायला सांगा.

वहीत पाच रकाने: तारीख-वेळ, गाडीचा नंबर, आधीची पातळी, नंतरची पातळी, क्लोरिन. बिल या वहीवरून द्यायचं, पावतीवरून नाही.

हिशेबनीस

क्लोरिनच्या रकान्याबद्दल. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोड भागात जीबीएसचे (गियां-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले तेव्हा सगळ्यांना हा रकाना आठवला, एरवी तो कोराच असतो.

घरात पोचताना पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरायला हवं. ओटीचे (ऑर्थोटोलिडिन या तपासणी-द्रावणाचे) थेंब टाकले की पिवळी झाक येते, ती रंगपट्टीशी ताडून बघायची. डीपीडीच्या गोळ्यांची तपासणी जास्त भरवशाची. टँकरच्या पाण्यात शून्य आलं तर १० हजार लिटरला लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या हिशेबाने २० ग्रॅम क्लोरिन लागतं. म्हणजे ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट ४०० मिलिलिटर, किंवा २५ टक्के ताकदीची ब्लीचिंग पावडर ८० ग्रॅम. पावडर थेट टाकीत भिरकावू नका. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी ओता. अर्धा तास थांबा, पुन्हा तपासा. पावडरचं पोतं उघडं राहिलं की ताकद उतरते, म्हणून जुन्या पावडरीवर हा हिशेब लागू होत नाही. पाणी गढूळ असेल तर क्लोरिन गाळातच खर्ची पडतं, तेव्हा असा टँकर परत पाठवलेला बरा.

आणि टँकर मागवणाऱ्या याच लोकांच्या घरात आरओ सुरू असतात. शुद्ध एक लिटरमागे तीन लिटर बाहेर टाकणारं यंत्र धरलं, तर रोज १० लिटर प्यायच्या पाण्यामागे ३० लिटर मोरीत. ४८ घरांचे १,४४० लिटर. पाण्यातल्या क्षारांचं प्रमाण, म्हणजे टीडीएस, ५०० च्या आत असेल तर आरओ लागतच नाही. निव्वळ धरणाचं पाणी येतं तिथे गाळणी आणि यूव्ही पुरतं.

ओली_फरशी

बाहेर टाकलेलं पाणी झाडांना घातलं तर?

हिशेबनीस

फरशी आणि संडास धुवायला वापरा. कुंडीतल्या झाडांना रोज नको, मातीवर पांढरा थर येतो.

सचिव_सी_विंग

आता पावसाकडे या. सभेत ठराव मंजूर आहे, कंत्राटदार म्हणतो 'टँकर कायमचा बंद होईल'.

काळा_पाषाण

या धाग्याची वाटच बघत होतो. आधी गुणाकार करा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. गच्ची ४०० चौरस मीटर, पुण्याचा पाऊस ७०० मिमी धरा, बाष्पीभवन-सांडणं जाऊन ०.८ हातात. २,२४,००० लिटर. तुमची रोजची गरज २६,०००. साडेआठ दिवसांचं पाणी झालं. उंच इमारतीत गच्ची लहान आणि माणसं फार, हे गणित कुठल्याही गाळणीने बदलत नाही. बंगल्याचं गणित वेगळं: १०० चौरस मीटर छपराला ५६ हजार लिटर आणि माणसं चार, म्हणजे शंभर दिवसांहून जास्त.

तरी करा. ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडावर नव्या बांधकामाला ते बंधनकारक आहेच. पण कशासाठी करतोय हे नीट ठरवा, आणि बोअर भरणार असाल तर खालचं वाचा.

आपला खडक बेसाल्ट. अखंड काळा पाषाण असेल तर त्यात पाणी मुरतच नाही. वरचा मुरूम, मधला भेगाळ थर, सच्छिद्र मांजऱ्या खडक, यांत मुरतं, तेही हळू. म्हणून शोषखड्डा खणण्याआधी बोअरची चाचणी घ्या. पंप काढून ठेवा, बोअरमधली पातळी मोजा, टँकरचं १,००० लिटर पाणी सोडा आणि पातळी मूळ जागी यायला किती वेळ लागतो ते बघा. अर्ध्या तासात आली तर बोअर तासाला साधारण २,००० लिटर घेतं. सहा तास लागले तर त्या बोअरवर खर्च करू नका.

आता दुसरी बाजू. ताशी ६० मिमीची सर आली तर ४०० चौरस मीटरवरून तासाला १९,२०० लिटर येणार. बोअर घेणार २,०००. उरलेलं खड्ड्यात थांबायला हवं, आणि २ × २ × २ मीटरचा खड्डा ८,००० लिटरचा असला तरी त्यात खडी भरली की पोकळी फार तर ४० टक्के, म्हणजे ३,२०० लिटर. बाकी सगळं गटारात. कंत्राटदार हा भाग सांगत नाही. त्यापेक्षा वळचणीच्या दोन-तीन पाइपांखाली मिळून १० हजारांची टाकी ठेवा. तिच्यातून बोअरला हळूहळू द्या, किंवा सरळ फ्लश आणि झाडलोटीला वापरा.

गाळणीची रचना: तळाला ४० मिमी खडी, वर २० मिमी, वर मच्छरदाणीसारखी नायलॉनची जाळी, सगळ्यात वर जाडी वाळू. जाळी विसरलात तर पहिल्या पावसाळ्यातच वाळू खडीत उतरते. वरचा वाळूचा १० सेंमी थर दरवर्षी मे अखेर काढून धुवा. केसिंगला (बोअरमध्ये उतरवलेल्या पाइपाला) भोकं फक्त खड्ड्यातल्या भागात, बाहेरून जाळी गुंडाळून.

पहिल्या पावसाची घाण वगळायला १ मिमी तरी सोडायला हवा, म्हणजे ४०० लिटर. बाजारात 'फर्स्ट फ्लश' म्हणून ११० मिमीचा मीटर-दीड मीटर उभा पाइप विकतात. त्याच्या एका मीटरात सुमारे साडेआठ लिटर मावतात. करा भागाकार. एक बॉल व्हॉल्व्ह लावा आणि पहिले दोन-तीन पाऊस सरळ गटारात जाऊ द्या, हे जास्त खात्रीचं.

पार्किंगचं पाणी बोअरमध्ये कदापि सोडू नका. ऑइल आणि टायरची काजळी एकदा खडकात उतरली की ती काढायची सोय नाही, आणि शेजारच्या सोसायटीचं बोअरही त्याच भेगेवर असू शकतं.

मांजरी_बुद्रुक

म्हणजे ११ हजारांची गळती आधी बुजवा, असंच ना? २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पहिली पाण्याची गाडी गेली ती १० वाघिणींची, पाच लाख लिटरची. ही नमुना सोसायटी ४५ दिवसांत तेवढं पाणी गमावतेय.

काळा_पाषाण

नेमकं. आणि गच्चीचं वर्षाचं पाणी तिच्या २० दिवसांच्या गळतीएवढं.

सचिव_सी_विंग

मग घरटी मीटर लावून वापराप्रमाणे बिल करावं का? त्याने शिस्त येईल.

नळराजा

नव्या इमारतीत जरूर. जुन्यात आधी मोजा, एका घरात पाणी किती ठिकाणांहून शिरतं. स्वयंपाकघर, दोन बाथरूम, दोन संडास, सगळ्यांच्या लाइन वेगवेगळ्या शाफ्टमधून. घराला चार धरले तरी १९२ मीटर. आधी तीनच लावा: पालिकेचा जोड, टँकरचा जोड, बोअर. मीटरच्या आधी गाळणी, आधी व्यासाच्या दहापट आणि नंतर पाचपट सरळ पाइप. मीटर पाइपाच्या खोलगट भागात बसवा, म्हणजे तो कायम भरलेला राहील. पाणी ठरावीक तासच येत असेल तर सुरुवातीला पाइपातली हवा मीटर गरगर फिरवते आणि पाण्याआधी वाऱ्याचंच बिल होतं. त्यासाठी मीटरच्या अलीकडे उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह हवा.

जाता जाता, पालिकेच्या लाइनला थेट मोटर लावणारे इथे वाचत असतील तर त्यांच्यासाठी. ते बेकायदा आहेच, शिवाय मोटर ओढते तेव्हा लाइनमध्ये दाब उणे होतो आणि गळक्या जोडांतून बाहेरचं ड्रेनेजचं पाणी आत येतं. सगळ्यात आधी ते मोटरवाल्याच्याच टाकीत पडतं.

ओली_फरशी

या गुरुवारी चाचणी घेतोय. टाकी चौकोनी नाही, एका कोपऱ्यात खांब आत आलाय. २०० चा आकडा कसा काढू?

मोजपट्टी

खांबाचं क्षेत्रफळ वजा करा. ४५ × ४५ सेंमीचा असेल तर ०.२ चौरस मीटर, म्हणजे सेंटीमीटरला फक्त २ लिटरचा फरक, सोडून दिला तरी चालेल. मधे आडवी भिंत मात्र बघा. तिच्या बुडाशी भोक नसेल तर त्या दोन टाक्या आहेत आणि टेप दोन्हीकडे सोडावी लागेल.